ट्रॅकच्या गाडीला रुंद रिम, स्पेसर आणि लांब स्टड बसवताना: हिशेब तपासून हवा आहे

उजवेवळण:

नमस्कार. केवळ ट्रॅकवर चालवण्यासाठी ठेवलेल्या, मागील चाकांना ताकद देणाऱ्या एका गाडीवर रुंद रिम बसवण्याचे काम हाती घेतले आहे. सुटे भाग मागवण्याआधी जाणकारांकडून हिशेब तपासून घ्यावा म्हणून हा धागा काढत आहे. चालकासह गाडीचे वजन सुमारे ११०० किलो आहे. नटांची मांडणी ५×११४.३ (११४.३ मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर पाच), चाक ज्यावर बसते त्या हबमधून बाहेर आलेले स्टड एम१२×१.५ (१२ मि.मी. व्यास, दर फेऱ्याला दीड मि.मी. सरकणारा आटा) आणि हबच्या मधल्या कॉलरचा व्यास ६४.१ मि.मी. आहे. सध्या गाडीवर ७ इंच रुंदीची, ईटी४५ म्हणजे ४५ मि.मी. ऑफसेटची मूळ रिम आणि २०५ रुंदीचे टायर आहेत.

बसवायची रिम ८ इंच रुंद, ईटी४५, मधले भोक ७३.१ मि.मी. आणि नटाची बैठक ६० अंशांच्या शंकूची आहे. तिच्यावर २२५ रुंदीचे टायर चढवायचे आहेत. मागे ही रिम कुठेही न घासता बसते. पुढे मात्र मूळ रिमच आतून शॉक अब्सॉर्बरच्या नळीपासून ११ मि.मी. अंतरावर आहे, त्यामुळे नवी रिम तिथे टेकेल अशी शंका आहे. म्हणून पुढच्या दोन चाकांना प्रत्येकी १० मि.मी. जाडीचा स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती) आणि त्यासाठी लांब स्टड घालण्याचा विचार आहे. हा मार्ग योग्य आहे का, स्टड किती लांब घ्यावेत, आणि स्पेसरमुळे बेअरिंग लवकर जाते हे जे नेहमी ऐकू येते त्यात तथ्य किती, हे जाणून घ्यायचे आहे.

मायक्रोमीटर:

आपण मापे दिलीत म्हणून उत्तर देणे सोपे झाले, अशा चर्चांमध्ये बहुतेक जण गाडीचे नुसते छायाचित्र टाकून "बसेल का?" असे विचारतात.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. ७ इंच म्हणजे १७७.८ मि.मी., त्याचा निम्मा भाग ८८.९. ईटी४५ असल्यास हबच्या पृष्ठभागापासून आतल्या बाजूला १३३.९ आणि बाहेरच्या बाजूला ४३.९ मि.मी. रिम येते. ८ इंचाला हेच आकडे १४६.६ आणि ५६.६ होतात. म्हणजे ऑफसेट तोच ठेवला तर रिम दोन्हीकडे १२.७ मि.मी. वाढते, आणि आपल्याकडे आत ११ मि.मी.च जागा आहे. तेव्हा शंका रास्त आहे. १० मि.मी.चा स्पेसर टाकल्यावर परिणामी ऑफसेट ३५ होतो, आतले अंतर ८.३ मि.मी. उरते आणि बाहेरची कड मूळ रिमपेक्षा २२.७ मि.मी. बाहेर येते.

रिमची छापील रुंदी टायरची कड जिथे बसते तिथली असते, त्यामुळे प्रत्यक्ष बाहेरून मोजलेली रुंदी साधारण एक इंचाने जास्त भरते. जुन्या आणि नव्या रिमची तुलना करताना हा फरक दोन्हीकडे सारखाच असल्याने वजा होतो, पण नळीपासूनचे अंतर थेट मोजताना टायरचा फुगवटा धरूनच मोजावे. आपले ११ मि.मी. टायरपासून मोजले आहे की रिमच्या कडेपासून?

पुढे थेट ईटी३५ चीच रिम का घेत नाही, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. स्पेसर म्हणजे सांध्यात वाढलेले आणखी दोन पृष्ठभाग, आणि प्रत्येक पृष्ठभाग स्वच्छ व सपाट राखण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

उजवेवळण:

अंतर टायरच्या फुगवट्यापासून मोजले आहे. २०५ ऐवजी २२५ घेतल्याने आतल्या बाजूला टायर साधारण तेवढाच, म्हणजे १० ते १३ मि.मी. वाढेल असे धरले आहे. चारही रिम एकसारख्या ठेवण्याचे कारण असे की पुढचे टायर बाहेरच्या कडेला लवकर झिजतात आणि पुढची-मागची चाके आलटून पालटून लावता आली पाहिजेत. पुढेमागे वेगळा ऑफसेट घेतला तर ती सोय जाते. शिवाय पुढे कधीतरी ब्रेकचे मोठे कॅलिपर बसवायचे झाल्यास स्पेसरची जाडी बदलता येईल.

आटेदार:

चारही रिम एकसारख्या हव्यात, हे कारण पटण्यासारखे आहे. मग आता स्पेसर नीट कसा बसवायचा ते पाहू. त्यासाठी चाक गाडीला नेमके कशाने धरलेले असते, हे आधी स्पष्ट असले पाहिजे, कारण लांब स्टड "वाकतात", स्पेसर "कमजोर" असतो, हबच्या कॉलरवर "भार" येतो, असली सगळी विधाने तिथूनच गडबडतात.

चाक स्टडवर लटकत नाही. नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणाने रिम, स्पेसर आणि ब्रेकची डिस्क हबवर दाबली जातात, आणि त्या दाबातून जे घर्षण तयार होते तेच ब्रेकचा आणि वळणाचा भार वाहून नेते. पृष्ठभाग एकमेकांवर सरकत नाहीत तोवर स्टडला आडवा भार जवळजवळ लागतच नाही, मग तो स्टड लांब असो वा आखूड.

आता आपल्याच गाडीचे आकडे घेऊ. कोरड्या आट्यांवर ११० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) दिला तर एम१२ स्टडमध्ये ढोबळमानाने ४६ किलोन्यूटन ताण येतो. पाच स्टडचा मिळून २३० किलोन्यूटन. स्वच्छ, कोरड्या धातूसाठी घर्षणांक ०.१५ धरला तर सरकण्याविरुद्ध सुमारे ३४ किलोन्यूटन इतकी पकड मिळते. दुसऱ्या बाजूला, चांगल्या टायरवर १.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट) इतका ब्रेक लावला आणि त्यातला ७० टक्के भार पुढे आला, तर पुढच्या एका चाकावर जमिनीलगत साधारण ४.५ किलोन्यूटन बल लागते. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरल्यास हा पीळ १३५० न्यूटन-मीटर होतो. तो स्टडच्या वर्तुळावर, म्हणजे केंद्रापासून ५७ मि.मी. अंतरावर पेलायचा असल्याने तिथे सुमारे २४ किलोन्यूटन बल होते.

३४ विरुद्ध २४. एवढीच राखीव ताकद आहे, आणि ती सगळे पृष्ठभाग कोरडे व स्वच्छ असताना. एक नट सैल झाला, किंवा हबच्या तोंडावर ग्रीसचा हात लागला, तर यातले किती उरते ते सांगायला नको. एकदा चाक सूक्ष्म प्रमाणातही सरकू लागले की स्टडला दर ब्रेकला पुढे-मागे वाकावे लागते, आणि धातू थकून तुटतो तो याच कारणाने. म्हणून तुटलेला स्टड हाती आल्यावर "माल हलका होता" असा निष्कर्ष काढण्याआधी नट सैल का झाला हे शोधावे.

शेवटचालॅप:

हिशेब मान्य आहे, पण अनुभवी चालक स्पेसरला नाके मुरडतात ती उगाच नाही. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवर तरफेचा जोर वाढतो आणि ट्रॅकवर बेअरिंग पटापट जातात. दुसरे म्हणजे, स्पेसरच वापरायचा तर स्वतःचे स्टड असलेला, हबला वेगळ्या नटांनी पक्का होणारा २० मि.मी.चा का वापरू नये? स्टड बदलण्याचा खटाटोप वाचतो.

मायक्रोमीटर:

बेअरिंगचा मुद्दा आकड्यांत मांडून पाहा. जोरदार वळणात बाहेरच्या पुढच्या चाकावर साधारण ५ किलोन्यूटन उभा भार आणि ६ किलोन्यूटन आडवा भार येतो असे धरू. आडव्या भाराचा बेअरिंगवरचा पीळ ०.३ मीटरच्या त्रिज्येमुळे १८०० न्यूटन-मीटर होतो. १० मि.मी.च्या स्पेसरमुळे उभ्या भाराचा जो पीळ वाढतो तो अवघा ५० न्यूटन-मीटर. शिवाय वळणातल्या बाहेरच्या चाकावर या दोन पिळांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात, म्हणजे तिथे तो भर पडण्याऐवजी वजा होतो. सरळ रस्त्यावर आणि आतल्या चाकावर भार वाढतो हे खरे, पण ट्रॅकवर बेअरिंगचा जीव घेतात ती प्रामुख्याने चिकट टायरची पकड, कडेच्या कर्बवरचे हादरे आणि ब्रेकची उष्णता. स्पेसर काढून टाकला आणि टायर तेच ठेवले, तर बेअरिंगचे आयुष्य फारसे बदलणार नाही.

ज्या परिणामाकडे सहसा दुर्लक्ष होते तो स्टिअरिंगचा आहे. चाक बाहेर गेले की स्टिअरिंगच्या फिरण्याचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो तिथपासून टायरच्या पट्ट्याच्या मध्यापर्यंतचे अंतर वाढते. मग कर्बवर चाक चढताना स्टिअरिंग हातातून हिसकले जाते, आणि एक चाक ओल्यावर व एक कोरड्यावर असताना ब्रेक लावला तर गाडी एका बाजूला जास्त खेचते. येथे १० मि.मी.ला फरक जाणवेल, पण सवय होण्याइतका. २५ मि.मी.ला मी तयार होणार नाही. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वाढल्याने वळणात फायदा होतो म्हणून स्पेसर घालणारेही काही असतात. १४५० मि.मी. अंतरावरच्या दोन चाकांमध्ये एकूण २० मि.मी. वाढले, तर वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार जेमतेम दीड टक्क्याने घटतो. तेवढ्यासाठी हा उद्योग करू नये. जागा हवी असेल तरच करावा.

आटेदार:

स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. हबला धरणारे नट चाकाच्या आड लपतात, त्यामुळे प्रत्येक तपासणीला चाक उतरवावे लागते, आणि ट्रॅकच्या दिवशी ते कोणी करत नाही. मूळ स्टडची टोके अशा स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर रिमच्या मागे तेवढे खळगे हवेत. नाहीतर रिम स्टडच्या टोकांवर टेकते आणि नट आवळल्यासारखा वाटूनही खरा दाब पडत नाही. जाड स्पेसर अटळ असेल तेव्हा चांगल्या मिश्रधातूचा, अखंड ठोकळ्यातून कातलेला असा स्पेसर चालतो, पण १० मि.मी.साठी लांब स्टड आणि साधा स्पेसर हाच मार्ग स्वच्छ आहे. दोन पातळ स्पेसर एकावर एक रचून जाडी भरून काढणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

आपल्या रिमचे भोक ७३.१ आहे, हे येथे फायद्याचे ठरते. हबची ६४.१ ची कॉलर साधारण ९ मि.मी. उंच असेल तर १० मि.मी.चा स्पेसर ती जवळजवळ पूर्ण गिळतो आणि रिमला मधोमध बसायला काहीच उरत नाही. रिमचे भोक ६४.१ चेच असते तर स्पेसरवर नवी कॉलर काढायला पुरेशी भिंत मिळाली नसती. येथे मात्र आतून ६४.१ आणि बाहेरून ७३.१ अशी साडेचार मि.मी. जाडीची कॉलर स्पेसरबरोबरच कातून मिळू शकते. मग प्लास्टिकची रिंगही लागत नाही. ती रिंग तशीही ट्रॅकच्या उष्णतेत मऊ होऊन बिघडते.

कॉलरचे काम चाक बसवताना ते केंद्रात धरण्याचे आहे, भार वाहण्याचे नाही. शंकूच्या बैठकीचे नट चाक आपोआप केंद्रात आणतात, पण त्यासाठी चाक हवेत असताना ताऱ्याच्या क्रमाने हलके आवळत यावे लागते. जमिनीवर टेकवून एकाच बाजूचा नट आधी घट्ट केला तर चाक तिरके बसते, आणि मग बॅलन्सिंगला दोष दिला जातो.

उजवेवळण:

स्टडच्या लांबीबद्दल सांगाल का? मूळ रिमवर नट हाताने फिरवून पाहिला तर पूर्ण टेकेपर्यंत अकरा फेरे घेतो. नवी रिम बैठकीपाशी मूळ रिमइतकीच जाड आहे.

आटेदार:

दीड मि.मी.च्या आट्याला १० मि.मी. म्हणजे जवळजवळ पावणेसात फेरे. अकरातून ते वजा केले की सव्वाचारच्या आसपास उरतात, आणि ते पुरेसे नाहीत. पोलादी नट-स्टडसाठी निदान व्यासाइतकी लांबी आट्यात गुंतली पाहिजे, म्हणजे एम१२×१.५ ला ८ फेरे. हाच हिशेब एम१२×१.२५ ला साडेनऊ आणि एम१४×१.५ ला सव्वानऊच्या वर जातो. म्हणून "सहा-सात फेरे पुरे" असे ऐकले तर कोणत्या आट्याबद्दल बोलले जात आहे ते आधी विचारावे.

आपल्याला मूळपेक्षा निदान १० मि.मी. लांब स्टड हवेत. मी २० मि.मी. लांब घेऊन नटाबाहेर आटे दिसतील असे ठेवीन. त्याबरोबर नट आरपार उघडे घ्या. टोपीचे बंद नट लांब स्टडवर आतून टेकतात, टॉर्क रेंच कट्ट वाजतो आणि चाक सैलच राहते. ही चूक धोकादायक आहे, कारण रेंचने तर सगळे ठीक असल्याचा निर्वाळा दिलेला असतो. ट्रॅकवर अनेक तपासनीस नटाबाहेर स्टडचे टोक दिसावे असा आग्रह धरतात तो याचसाठी. ॲल्युमिनियमचे रंगीत नट शोभेच्या गाड्यांसाठी ठेवावेत.

नटाच्या बैठकीचा आकारही रिमशी जुळला पाहिजे. काही गाड्यांचे मूळ नट गोलाईच्या बैठकीचे असतात, काहींचे सपाट वॉशरचे. असा गोल नट ६० अंशांच्या शंकूत घातला तर तो एका बारीक कड्यावरच टेकतो, ते कडे काही लॅपमध्ये दबते आणि ताण निघून जातो.

किल्लीपान्हा:

स्टड बदलण्याच्या प्रत्यक्ष कामाबद्दल लिहितो, कारण बहुतेक गोंधळ येथे होतो.

दाबून बसवायच्या स्टडच्या मानेवर उभ्या खाचा असतात आणि त्या हबच्या भोकात घट्ट रुततात. त्या खाचांच्या भागाचा व्यास जुन्या स्टडशी ताडून पाहावा, आणि पुढच्या व मागच्या हबचा तो एकच असेल असे गृहीत धरू नये. व्यास कमी असेल तर स्टड भोकात फिरतो, आणि पुढे कधीतरी नट निघेना झाला की चाकच उतरवता येत नाही. जास्त असेल तर हबच्या पाकळीला (स्टडची भोके असलेल्या चपट्या भागाला) तडा जाऊ शकतो. व्यासाबरोबर या भागाची लांबीही पाहावी. खाचांचा भाग पाकळीच्या जाडीपेक्षा लांब असेल तर तो पुढे डोकावतो, डिस्कच्या भोकात अडतो आणि डिस्क हबवर सपाट टेकत नाही.

जुना स्टड प्रेसने किंवा दाबाच्या पान्ह्याने बाहेर काढावा. घणाचे घाव बेअरिंगच्या गोळ्यांखालच्या पट्टीवर खड्डे पाडतात, आणि तो आवाज पुढच्या ट्रॅक-दिवशी ऐकू येतो. अनेक गाड्यांमध्ये लांब स्टड आत सरकवायला हबमागे जागाच नसते. धूळपत्रा किंवा नकल (हब धरणारा सस्पेन्शनचा भाग) आड येतो. मग हब उतरवावा लागतो, आणि दाबून बसवलेला हब बेअरिंगमधून उपसला की ते बेअरिंग सहसा पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही. नवे बेअरिंग आधीच आणून ठेवलेले बरे.

नवा स्टड शक्यतो प्रेसवरच बसवावा. ते शक्य नसेल तर जाड वॉशरची थप्पी आणि टाकाऊ नट लावून हाताच्या पान्ह्याने ओढून घेता येतो. इम्पॅक्ट गनने ओढू नये, कारण स्टड किती ताणला गेला याचा काही अंदाजच येत नाही. ओढताना पान्ह्याला एकसारखा जोर लागत असतो, आणि डोके मागून पाकळीला टेकले की तो एकदम वाढतो. तेवढ्यावर विसंबू नये. मागून डोक्याच्या कडेखाली सर्वांत पातळ फीलर गेजची पट्टी घालून पाहावी. ती कुठूनही आत गेली तर स्टड पुरता बसलेला नाही. तो पुढे ट्रॅकवर उरलेला अंश आत सरकेल आणि नट सैल होईल. शेवटी डिस्क न घालता हब हाताने फिरवून स्टडची डोकी मागे कुठे घासत नाहीत ना, ते ऐकावे.

स्पेसर घालण्याआधी डिस्कवरचे मूळ पत्र्याचे क्लिप-वॉशर काढून टाकावेत, डिस्क धरणाऱ्या स्क्रूचे डोके वर आलेले नाही हे पाहावे, आणि हबच्या तोंडावरचा गंज वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत काढावा. कॉलरच्या मुळाशी हबला बारीक गोलाई असते. स्पेसरच्या भोकाची आतली कड तेवढी तासलेली नसेल तर स्पेसर त्या गोलाईवर चढून डुलतो. हे तपासायला हबच्या तोंडावर मार्कर पेनचा हलका थर द्यावा, स्पेसर दाबून किंचित फिरवावा आणि उचलून पाहावा. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली तर ठीक. फक्त मध्याजवळ कडे उमटले तर स्पेसर परत लेथवर गेला पाहिजे.

उजवेवळण:

रिमला पावडर कोटिंग करून घेण्याचा बेत आहे. त्याने काही बिघडते का?

आटेदार:

बिघडते, आणि हा मुद्दा आपण वेळेवर काढलात. मूळ रचनेत स्टडचा मोकळा ताणला जाणारा भाग साधारण २० मि.मी. असतो. ४६ किलोन्यूटन ताणाला तो किती लांबतो? अवघा ०.०५ मि.मी. चाक धरून ठेवणारा सगळा दाब या पाच शतांश मि.मी.मध्ये साठवलेला असतो. पावडरचा थर सहसा ०.०६ ते ०.१ मि.मी. जाड असतो. नटाच्या बैठकीत तो राहिला आणि उष्णतेने त्यातला ०.०३ मि.मी. दबून बाहेर सरकला, तर निम्म्याहून अधिक ताण गेला, तोही नट एक अंशही न फिरता. म्हणून शंकूच्या बैठका आणि रिमचा हबकडचा पृष्ठभाग कोटिंगच्या आधी झाकून घ्यावा. झाकला नसेल तर थर पूर्ण काढावा. स्पेसरलाही रंग नको.

याच हिशेबात लांब स्टडची जमेची बाजू दडलेली आहे. स्पेसरमुळे मोकळी लांबी ३० मि.मी. झाली की तोच ताण ०.०७५ मि.मी.पेक्षा थोड्या जास्त लांबण्यात साठतो, आणि ०.०३ मि.मी. दबल्यावर साठऐवजी चाळीस टक्केच ताण जातो. म्हणजे लांब स्टड जास्त सोशिक असतो. अर्थात स्पेसरने दबण्याजोगे पृष्ठभाग वाढवलेले असल्याने पदरात पडणारा नफा एवढा मोठा नाही.

शेवटचालॅप:

बेअरिंगबाबतचे म्हणणे मागे घेतो. पण आट्यांना थोडे वंगण लावण्याची सवय आहे आणि ती सोडवत नाही. नाहीतर आटे ट्रॅकवर तापून जाम होतात.

आटेदार:

वंगण लावा, पण टॉर्क तोच ठेवू नका. टॉर्कचा मोठा वाटा घर्षणात खर्च होतो. वंगणाने ते घटले की ११० न्यूटन-मीटरलाच ताण ४६ वरून ६० किलोन्यूटनच्या आसपास पोहोचू शकतो. १०.९ दर्जाचा (८.८ पेक्षा जास्त ताकदीच्या पोलादाचा) एम१२×१.५ स्टड साधारण ७३ किलोन्यूटनपर्यंत ताण कायमचा न लांबता घेतो, म्हणून तो यातून निभावेल. ८.८ दर्जाचा ५० च्या थोडे वर जाताच लांबू लागतो. स्टडच्या उत्पादकाने वंगणासह टॉर्क दिला असेल तर त्याच वंगणाने आणि त्याच आकड्याने आवळावे. दिला नसेल तर आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवावेत. नटाच्या शंकूवर वंगण जाऊ देऊ नये.

पिटलेन:

उष्णतेचा उल्लेख वरवर झाला, म्हणून थोडी भर घालतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. १० मि.मी. स्पेसर आणि साधारण १२ मि.मी. रिम १०० अंशांनी तापली तर ती स्टडपेक्षा सुमारे ०.०२५ मि.मी. जास्त वाढते. आटेदार यांच्या आकड्यांत बसवून पाहिले तर तापलेल्या अवस्थेत ताण जास्तीत जास्त एक तृतीयांशाने वाढू शकतो आणि गार झाल्यावर परत येतो. म्हणजे ८.८ चा स्टड कोरड्या आट्यांवरही मर्यादेबाहेर जाऊ शकतो. लांब स्टड घेताना १०.९ किंवा त्यावरचाच दर्जा घ्यावा, असे म्हणण्यामागे हे कारण आहे.

दुसरा परिणाम सवयींशी संबंधित आहे. सत्र संपवून आल्या आल्या, डिस्कवरून झळा येत असताना अनेक जण नट नव्याने आवळतात. गरम असताना दिलेला पूर्ण टॉर्क चाक गार झाल्यावर कमी ताणात उतरतो. तपासायला हरकत नाही: रेंच ठरलेल्या आकड्याला लावावा, आणि नट न हलता कट्ट वाजला तर सोडून द्यावा. नट फिरला तर मात्र गाडी गार होऊ द्यावी, सगळे नट सोडून ताऱ्याच्या क्रमाने परत आवळावेत आणि तो का फिरला याचे कारण शोधावे. नव्या स्टड-स्पेसरनंतरचे पहिले सत्र छोटे ठेवावे, आणि गार झाल्यावरची फेरतपासणी चुकवू नये.

नटाभोवती तांबूस किंवा काळी भुकटी दिसली, बैठकीला चकाकी आलेली असली, किंवा रिमची भोके लांबट झालेली आढळली, तर चाक सरकत होते हे नक्की. त्या हबचे पाचही स्टड बदलावेत. एक स्टड तुटला असेल तरीही हाच नियम, कारण त्याच्या वाट्याचा भार उरलेल्या चौघांनी सोसलेला असतो. ट्रॅकच्या गाडीत स्टड ब्रेक पॅडप्रमाणेच ठराविक काळाने बदलायची वस्तू समजावी.

किल्लीपान्हा:

ज्यांच्या गाडीला स्टडऐवजी थेट हबमध्ये जाणारे बोल्ट आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. बोल्ट मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतकाच जास्त लांब घ्यावा. जास्त लांब बोल्ट हबमागून बाहेर येऊन एबीएसची रिंग किंवा हँडब्रेकचे शू घासतो, आणि स्पेसर काढलेल्या चाकाला चुकून तोच बोल्ट लागला तर नुकसान निश्चित. स्टडमध्ये रूपांतर करणारे संच चांगले असतात, पण स्टडचा हबमधला भाग थ्रेडलॉकरने (आटे चिकटवणाऱ्या द्रवाने) बसवून पूर्ण वाळू द्यावा; नाहीतर नट सोडताना स्टडच फिरून बाहेर येतो.

उजवेवळण:

सर्वांचे आभार. कॉलरसह कातलेले १० मि.मी.चे स्पेसर, १०.९ दर्जाचे, मूळपेक्षा २० मि.मी. लांब स्टड आणि आरपार उघडे पोलादी नट असे ठरवले आहे. स्प्रिंग काढून, नकल जॅकने पूर्ण वर उचलून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून चाक तपासले. शॉकच्या नळीपाशी सर्वांत कमी अंतर ६ मि.मी. आहे. मडगार्डची आतली कड वळवावी लागेल, कारण पूर्ण दबलेल्या अवस्थेत टायरचा खांदा तिच्यापर्यंत येतो. स्पोक आणि कॅलिपर यांच्यामध्ये मातीचे गोळे लावून पाहिले. दाबलेली माती सर्वांत पातळ जागी ४ मि.मी. भरली. हे अंतर पुरेसे आहे का?

मायक्रोमीटर:

नळीपाशी ६ मि.मी. पुरेसे आहे, मात्र कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलला की ते पुन्हा मोजा, कारण नकलच्या बोल्टपाशी चाकाचा माथा आत झुकवला तर ते कमी होते. स्पोकपाशी ४ मि.मी. चालेल. पण मातीची चाचणी स्पोकपुरतीच झाली आहे. कॅलिपरचा वरचा भाग रिमच्या आतल्या भिंतीच्या किती जवळ येतो तेही मोजा, आणि चाके बॅलन्स करताना चिकटवायची वजने त्या पट्ट्यात येऊ देऊ नका. वजनाची जाडीच चार-पाच मि.मी. असते. कॅलिपरने ते एका फेऱ्यात खरवडून काढले की गाडी थरथरू लागते, आणि मग शोध सुरू होतो तो स्पेसरमध्ये. वजने कुठे चिकटवायची ते रिमच्या आत मार्करने रेघ ओढून दाखवा, आणि तीच रेघ मागच्या दोन रिममध्येही ओढा, कारण ती चाके आलटून पालटून पुढे येणारच आहेत.